स्कूकम बेंडचा लाल स्कार्फ

स्कूकम बेंड, वॉशिंग्टन
४ ऑक्टोबर २०२१

प्रिय कोलीनबाई,

तुम्ही मला ओळखत नाही, मी मात्र तुम्हाला पन्नास वर्षं ओळखतो. मी अर्व्हो निस्काला. या गावच्या एकुलत्या एका शाळेत छत्तीस वर्षं मास्तर होतो. आता वय चौऱ्याऐंशी. दात गेले, पण पाठ केलेल्या कविता सगळ्या शाबूत आहेत.

१७ मार्च १९७२ ला टॅलिस नावाने तिकीट काढून एक माणूस तुमच्या विमानात बसला, मांडीवर सुरुंगाची पिशवी ठेवून त्याने विमान पळवलं, पैसे घेतले आणि संध्याकाळच्या पावसात आमच्या रानावर हवाई छत्री घेऊन उडी टाकली. तुम्ही त्या विमानातली हवाई सुंदरी. तुम्हाला हे मी सांगणं म्हणजे नदीला पाण्याची बातमी देणं! त्या माणसाचं पुढे हाडूकही सापडलं नाही. आमची लाकडाची गिरणी बंद पडली, शाळा अर्धी झाली, पण टॅलिस काही आम्हाला सोडून गेला नाही. दर सतरा मार्चला आमच्याकडे 'उडीचा दिवस' असतो. काळा चष्मा लावून पुरुष टॅलिससारखे दिसण्याची स्पर्धा करतात (गेली चार वर्षं ती एक बाईच जिंकते आहे), गसच्या गुत्त्यात हकलबेरीचे 'पाय' (रानफळं भरून भाजलेल्या गोड पोळ्या) संपतात, आणि गावातली झाडून सगळी माणसं गळ्यात लाल स्कार्फ बांधून माझं गाणं म्हणतात. हो, माझं. शाळेच्या वसंत-संमेलनासाठी १९७३ मध्ये लिहिलेलं:

पाउस पडतो, वारा रडतो, ढगात उघडे दार,
'कोलिन पोरी, निरोप दे ना, मी वाऱ्यावर स्वार!'
गळ्यातला तो लाल स्कार्फ मग तिने बांधला त्यास,
'उड रे पक्ष्या,' म्हणे हासुनी, 'रान पुरे जन्मास!'

पुढच्या मार्चला पन्नासावा उडीचा दिवस. नदीकाठी काळ्या पाषाणाची शिळा उभी करायची आणि तीवर हे कडवं कोरायचं, असं कमिटीने ठरवलं आहे. पाथरवटीण वांडा माझीच विद्यार्थिनी. तिला फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत मजकूर हवा. शिळेवरचा पडदा तुमच्या हातून दूर व्हावा, ही सगळ्या गावाची इच्छा. नाही म्हणू नका.

तुमचा,
अर्व्हो निस्काला


बुट, मॉन्टाना
१३ ऑक्टोबर २०२१

श्री. निस्काला यांस,

माझा पत्ता कमिटीला कोणी दिला ते कळवा.

मी त्या माणसाला स्कार्फ दिला नाही. त्याने उडी मारली तेव्हा मी वैमानिकांच्या खोलीत होते आणि दार बंद होतं. मी हसले नाही. पक्षी वगैरे म्हणाले नाही.

मी येणार नाही. दगडावर ते कडवं कोरू नका.

कोलीन ब्रॅनिगन
(तेव्हाची डफी)


स्कूकम बेंड
२५ ऑक्टोबर २०२१

प्रिय कोलीनबाई,

पत्ता गसच्या पुतणीने इंटरनेटवरून काढला. पोरीला मी रागावलो आहे. म्हणजे रागावल्यासारखं केलं आहे.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. मी म्हातारा आहे, पण एकेकाळी तरुण होतो, तेव्हा न लिहिलेलंही वाचता येतं. पोलिसांना जे सांगावं लागलं, ते सांगावं लागलं. बावीस वर्षांची पोर, समोर मरणाला निघालेला माणूस, बाहेर पाऊस. अशा वेळी हात आपोआप गळ्याकडे जातो. त्यात लाज कसली? आता इतक्या वर्षांनी तुम्हाला कोण धरणार आहे?

शिवाय स्कार्फची गोष्ट काही माझ्या एकट्याची नाही. गुत्त्याचा गस शपथेवर सांगतो, की त्या विमानाच्या वैमानिकानेच त्याला ती सांगितली. म्हातारा हँक तर म्हणतो, "मास्तर, मी तो स्कार्फ डोळ्यांनी पाहिलाय, फर झाडाच्या शेंड्याला!" हँकला शेजारचं झाड दिसत नाही, ही गोष्ट वेगळी. टीव्हीवाले आले, पुस्तकं लिहिणारे आले, सगळ्यांनी तेच लिहिलं. इतकी माणसं खोटं कशाला बोलतील?

तुमचं गुपित माझ्यापाशी सुरक्षित आहे. फक्त या. मी स्वतः वेलदोड्याचा पाव भाजून ठेवीन. माझी कैलासवासी बायको लेम्पी भाजायची तसा होत नाही, पण कॉफीत बुडवला की कळत नाही.

तुमचा,
अर्व्हो


बुट
६ नोव्हेंबर २०२१

निस्काला मास्तर,

गुपित म्हणे! तुमचं पत्र वाचून मी स्वयंपाकघरातली खुर्ची लाथेने उलटी केली. बहात्तराव्या वर्षी. अंगठा अजून सुजलेला आहे. आता नीट ऐका.

मी तीस वर्षं शाळेची बस चालवली आहे, बर्फात, डोंगरावर. मागे चाळीस पोरं दंगा करत असली तरी समोरचा रस्ता सोडायचा नाही, एवढं मला येतं. तेव्हा मी हा विषय सोडणार नाही.

आमच्या गणवेशात स्कार्फ नव्हताच. मोहरीच्या रंगाची टोपी होती, वाटीएवढी. स्कार्फच नव्हता तर लाल कुठून येणार?

त्या दिवशी तीन तास आम्ही हवेत घिरट्या घातल्या. विमानात एकेचाळीस प्रवासी. त्यांना मी सांगितलं, की चाकाचा एक दिवा लागत नाहीये, जरा वेळ लागेल. एक आजी म्हणाली, "बाळ, माझा मुलगा मेकॅनिक आहे, खाली उतरलं की त्याला पाठवते." मी म्हटलं, "पाठवा हं आजी." एका तान्ह्या पोराची बाटली मी दोनदा गरम करून दिली आणि दर वेळी परत येऊन त्या माणसाच्या शेजारी बसले, कारण तशी त्याची आज्ञा होती. विमान उतरलं, प्रवासी जिना उतरून गेले, तरी त्यांच्यातल्या एकालाही कळलं नव्हतं. ते माझं काम होतं आणि ते मी चोख केलं. त्यावर कोणी गाणं केलं नाही.

मग तुमचं गाणं आलं. १९७४ मध्ये दोन सरकारी माणसं पुन्हा दारात. "मिस डफी, स्कार्फचं काय?" कसला स्कार्फ? तेव्हापासून दर दोन-तीन वर्षांनी कोणी ना कोणी येतो. चष्मेवाले, वहीवाले, कॅमेरेवाले. एकाने माझ्या कचऱ्याच्या डब्यात हात घातला. सगळ्यांचं एकच म्हणणं, आतलं कोणीतरी सामील होतं, आणि पुरावा म्हणजे तुमचं कडवं. सतरा मार्च हा आयरिश लोकांचा सण, आमचं आयरिशांचं अख्खं बुट गाव हिरवं नेसून रस्त्यावर नाचतं, आणि मी दाराला कडी लावून बसते.

माझा नवरा एड. भला माणूस, खाणीत होता. लग्नाला बावीस वर्षं झाली होती, तेव्हा एकदा जेवताना खिम्याची पेस्टी, म्हणजे मोठी करंजीच, तोडता तोडता म्हणाला, "कोलीन, खरं सांग हं, मी रागावणार नाही. दिला होतास का?" मी म्हटलं, "नाही." तो म्हणाला, "बरं." पुन्हा कधी विचारलं नाही. पण त्यानंतर टीव्हीवर टॅलिसचं काही लागलं, की तो उठून टीव्ही बंद करायचा. माझ्यासाठी. आठ वर्षांपूर्वी गेला. त्या 'बरं'मध्ये काय होतं, ते मला आता कोण सांगणार?

आणि या सप्टेंबरात माझी नात मॉली, वय वर्षं दहा, शाळेतून नाचत आली. "आजी, आमच्या पुस्तकात तू आहेस! तू चोराला मदत केलीस!" तिला ते फार छान वाटलं.

कागदावरचं विसरतात. दगडावरचं तिची पोरंही वाचतील.

मला एकच सांगा. स्कार्फचं तुम्हाला कोणी सांगितलं? गस नको, हँक नको. तुम्हाला. १९७३ मध्ये.

कोलीन ब्रॅनिगन


स्कूकम बेंड
२९ नोव्हेंबर २०२१

प्रिय कोलीनबाई,

उत्तराला उशीर झाला. छातीत कफ झाला होता, शिवाय नदीला पूर येऊन टपालाची गाडी चार दिवस पलीकडेच राहिली. जुने कागद पोटमाळ्यावर आहेत आणि शिडीवर चढायला डॉक्टरांची मनाई आहे. इतक्या वर्षांपूर्वीचं नेमकं कोण काय म्हणालं, हे सांगणं कठीण. बघतो, शोधतो.

यंदा अळंबी भरपूर आली. तुमच्याकडे बर्फ पडला का?

अर्व्हो


(पोस्टकार्ड)
बुट, ८ डिसेंबर

बर्फ पडला. कोणी सांगितलं?

को. ब्रॅ.


स्कूकम बेंड
२ जानेवारी २०२२

कोलीनबाई,

कफ खरा होता. पूरही खरा होता. पोटमाळा खोटा. माझ्या घराला पोटमाळाच नाही.

मला कोणीही सांगितलं नाही.

तुमचं पोस्टकार्ड मी कॉफीच्या डब्याला टेकवून ठेवलं होतं. तीन आठवडे रोज सकाळी ते मला विचारायचं, आणि मी रोज दुसरीकडे बघत पाव बुडवायचो. वर्गात धडा न केलेलं पोर बघतं ना, तसा. काल नवं वर्ष लागलं. म्हटलं, मास्तर, उभे राहा बाकावर.

ऐका. १८ मार्च १९७२, सकाळ. शेरीफने गावातल्या सगळ्या धडधाकट पुरुषांना टॅलिसच्या शोधाला बोलावलं. धुकं असं, की स्वतःचा हात दिसू नये. रानात दोनशे बंदुका, आणि प्रत्येक बंदुकीला वाटतंय, की समोर हललं तो टॅलिस. आमच्याकडे रानात जाणारा माणूस लाल टोपी घालतो, का, तर कोणी त्याला हरीण समजून गोळी घालू नये. मी मास्तर. मी कशाला रानात जातो? माझ्याकडे लाल टोपी नव्हती. मी दारातून निघालो आणि लेम्पी धावत मागे आली. गळ्यातला तिचा लाल स्कार्फ सोडून माझ्या गळ्याला बांधला, गाठ अशी आवळली की मला ठसका लागला. म्हणाली, "हा काढलास तर मी तुला गोळी घालीन." आणि हसली. हसताना रडत होती.

दुसऱ्या वर्षी संमेलनासाठी गाणं लिहायला बसलो. पहिल्या दोन ओळी झरझर उतरल्या. पुढे काही केल्या जमेना. दारात उभी बाई आणि पावसात निघालेला माणूस, एवढं डोळ्यांसमोर होतं. आणि मग तो स्कार्फ आपणहून ओळीत येऊन बसला. लहानपणापासून मी ज्या कविता पाठ केल्या, त्यांत निरोप देणारी बाई नेहमी काहीतरी देतेच. रिकाम्या हाताने निरोप मला लिहिताच येईना.

लेम्पीने वाचलं. म्हणाली, "अर्व्हो, हा माझा आहे."

मी म्हटलं, "कवितेत सगळं सगळ्यांचं असतं."

ती म्हणाली, "पण ती मुलगी जिवंत आहे ना कुठेतरी? तिला विचार की." मी विचारलं नाही. आठ सेंटचा स्टँप लावला असता तर तुमची पन्नास वर्षं वाचली असती.

लेम्पी १९९१ मध्ये गेली. आणखी एक सांगतो, दया मागायला नाही, फक्त हिशेब पुरा व्हावा म्हणून. उडीच्या दिवशी मी मंचावर बसतो तेव्हा खाली दोनशे गळ्यांत तो स्कार्फ असतो. वर्षातून एक दिवस लेम्पी दोनशे वेळा दारात येते. तुमचं पहिलं पत्र मी नीट वाचलं होतं, कोलीनबाई. समजलंही होतं. पण ओळ गेली तर ती जाईल, म्हणून मी तुम्हाला प्रेमकथा ऐकवली.

आता पुरे. कमिटीला मी उद्या सांगणार. उडीच्या दिवशी मंचावरून सगळ्यांना सांगणार. कडवं दगडावर चढणार नाही. गस माझं तोंड बघणार नाही, तर न बघो. तसंही त्यात आता बघण्यासारखं काय उरलंय?

अर्व्हो निस्काला


बुट
१६ जानेवारी २०२२

मास्तर,

तुमचं पत्र उभ्यानेच वाचलं. मग बसून पुन्हा वाचलं.

मी तुम्हाला माफ केलेलं नाही. करीन की नाही ते मार्चनंतर बघू. बोलणं आणि मंचावर बोलणं यांत फरक आहे. पण तुम्ही बाकावर उभे राहिलात, तेव्हा माझाही एक धडा राहिला आहे, तो म्हणून टाकते. हे मी पोलिसांना सांगितलं नाही, एडला नाही, पाद्र्यालाही नाही.

प्रवासी उतरले. आम्ही पुन्हा उडालो. मागे तो आणि मी. त्याने छत्रीचे पट्टे अंगावर चढवले. खांद्याचे लागले, मांडीचे लागेनात. हात थरथरत होते, मास्तर. तुमचा तो वाऱ्यावरचा स्वार! नखांत काळं, कपाळाला घाम, तोंडाला वास. मी बघत बसले होते. पिशवी त्याच्या पायाशी, आतल्या तारा दिसत होत्या. मनात एकच, हा लवकर जाऊ दे. तो म्हणाला, "बाई, जरा लावता का?" अगदी असंच. कोटाचं बटण लावायला सांगावं तसं.

मी गुडघ्यावर बसले आणि मांडीचे दोन्ही पट्टे आवळले. जोर लावून ओढले. मग त्याने मला पुढे जायला सांगितलं आणि मी दार लावून घेतलं.

मला कोणी शिकवलं नव्हतं. डावीकडचा खटका खट् वाजला, हे पक्कं आठवतं. उजवीकडचा वाजला की नाही, ते पन्नास वर्षं आठवते आहे. वाजला असेल तर मी चोराला पळून जायला मदत केली. नसेल वाजला, तर मी त्याला मारलं. लोक तो कुठे गेला म्हणून रान उकरतात, तेव्हा मला वाटतं, ते माझ्याच हाताखाली बघताहेत.

म्हणून एडने स्कार्फचं विचारलं तेव्हा मी 'नाही' म्हटलं. ते खरं होतं. पुरतं नव्हतं. तुमचा खोटा स्कार्फ माझ्या खऱ्या पट्ट्याच्या इतक्या जवळ येऊन पडला होता, की एक उचलायला गेले तर दुसरा हाताला लागेल, अशी भीती.

याचं गाणं करायचं असेल तर माझ्या मेल्यावर करा. नाही केलंत तर बरं.

स्कार्फ मात्र काढा.

कोलीन


स्कूकम बेंड
२० मार्च २०२२

प्रिय कोलीनबाई,

आधी महत्त्वाचं. तुमचं सोळा जानेवारीचं पत्र सोबत परत पाठवतो आहे. नक्कल ठेवलेली नाही. खोटं कशाला सांगू, दोन ओळी सुचल्या होत्या, चांगल्या होत्या. चुलीत घातल्या. ते पत्र कोणाला वाचून दाखवायचं, हे तुम्ही ठरवायचं.

आता उडीचा दिवस.

जानेवारीत कमिटीला सांगितलं तेव्हा गस म्हणाला होता, "मास्तर, तुमचं वय झालंय." मी म्हटलं, "वय झालंय म्हणूनच घाई आहे." दोन बैठका भांडणात गेल्या. शेवटी मी सरळ वांडाच्या कारखान्यात गेलो आणि म्हटलं, गाणं माझं, ओळी माझ्या, मी त्या कोरायला देत नाही. त्याऐवजी हे कोर. तिने कागद वाचला, चष्मा वर केला. "मास्तर, खात्री आहे ना? दगडाला खोडरबर नसतं. शिवाय यात यमक नाही."

"नाही," म्हटलं. "जन्मात पहिल्यांदाच."

सतरा तारखेला मंचावर उभा राहिलो.  सगळं सांगितलं. तुमच्या गणवेशात स्कार्फ नव्हता, तो माझ्या लेम्पीचा होता, मी तो तुमच्या गळ्यात घातला आणि तुम्हाला विचारलं नाही. एकेचाळीस माणसं, चाकाचा दिवा, तान्ह्याची बाटली, तेही सांगितलं. पट्ट्याचा उच्चारही नाही.

 मग गस ओरडला, "मग आम्ही पन्नास वर्षं हे काय बांधलंय गळ्यात? आता काढून फेकायचे काय?"

 तेवढ्यात मागून ऐनो मावशी उठली. वय एक्याण्णव, एरवी ऐकू येत नाही. म्हणाली, "फेकायचे कशाला रे मेल्या? त्या सकाळी तुझ्या बापाला तुझ्या आईने बांधला होता. मी माझ्या नवऱ्याला बांधला होता. सगळ्याच बायांनी बांधले होते. आपला माणूस आपल्याच माणसांच्या गोळीने मरू नये म्हणून. त्या चोराला कोण बांधतंय!"

गस खाली बसला. नंतर पाहिलं तर तोंड फिरवून नाक शिंकरत होता, स्कार्फलाच.

गावात प्रत्येक घरात होती ती गोष्ट, कोलीनबाई, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून ती एका परक्या चोराला देऊन टाकली होती. माझ्या गाण्यापुढे कोणाला स्वतःचं आठवलंच नाही. मास्तराने पढवलेलं पोरं विसरत नाहीत, हेच तर भय.

शिळा उभी आहे. तीवर एवढंच:

१७ मार्च १९७२
त्या विमानातली एकेचाळीस माणसं सुखरूप घरी गेली.
त्यांना धीर देणारी कोलीन डफी, वय बावीस.

तुम्ही आला नाहीत ते बरं केलंत. पण दगड काही पळून जात नाही.

तुमचा,
अर्व्हो


बुट
१८ एप्रिल २०२२

मास्तर,

गेल्या आठवड्यात मॉलीला सुट्टी होती. तिला गाडीत घातलं आणि पश्चिमेकडे निघाले. वाटेत एक मुक्काम केला. स्कूकम बेंडला पोचलो तेव्हा तुम्ही शेजारणीच्या म्हणण्याप्रमाणे दवाखान्यात तपासणीला गेला होतात, आणि खरं सांगते, मला जरा हायसं वाटलं. वेलदोड्याचा पाव शेजारणीने दिला. कॉफीत बुडवूनही कळतं हो.

शिळा पाहिली. मॉलीने मोठ्याने वाचली. मग म्हणाली, "आजी, यात चोर कुठे आहे?" मी म्हटलं, "नाहीये." ती म्हणाली, "छान."

तुम्ही परत पाठवलेलं पत्र माझ्या पर्समध्ये होतं. घरी परतल्यावर चुलीत घालायचं ठरवून निघाले होते. पण नदीकाठी त्या दगडाला टेकून बसले आणि पोरीला सगळं सांगितलं. पत्र न काढता, तोंडाने. थरथरणारे हात, मांडीचे पट्टे, सगळं. एडला जे सांगायला हवं होतं ते.

तिने पाण्यात खडे टाकले. मग विचारलं, "उजवीकडचं खट् वाजलं होतं का?"

मी म्हटलं, "माहीत नाही ग."

"पण तू जोरात ओढला होतास ना?"

"हो. जेवढा जोर होता तेवढा."

"मग बास," म्हणाली, आणि भूक लागली म्हणून माझा हात ओढायला लागली.

गसच्या गुत्त्यात हकलबेरीचा पाय खाल्ला. त्याने मला ओळखलं नाही. निघताना त्याने मॉलीला एक लाल स्कार्फ दिला आणि सांगितलं, "हा लेम्पीबाईचा बरं का. रानात जाताना बांधायचा." तिने तो तिथेच बांधला. मी गाठ बघितली. सैल होती. आवळून दिली.

कोलीन